मूठ सोडली की ‘टक्’ वाजतं, मिस्त्री काका

मिस्त्री काका,
सा. न. वि. वि.

जुन्या स्प्लेंडरची रेस अडकते, म्हणजे सोडली तरी मूठ परत फिरत नाही, असं म्हटलं की बहुतेक ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं: केबल बदला. तुम्ही केबल बदलली नाहीत, आधी सोडवलीत. हे आभाराचं पत्र त्याबद्दल आहे. तुमची रीत आणखी कोणाच्या कामी यावी म्हणून ती इथे जरा सविस्तर लिहितो आहोत.

रेस अडकायच्या जागा तीनच: मूठ, केबल आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). इंजिन बंद ठेवून तिन्ही एकमेकांपासून सुटे करायचे आणि मगच बोलायचं, हा तुमचा शिरस्ता. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरचं वरचं गोल झाकण फिरवलं की स्प्रिंग, स्लाईड (हवेची वाट उघडबंद करणारा दट्ट्या) आणि सुई केबलला लटकून बाहेर येतात. स्प्रिंग वर दाबून धरली की केबलचं निप्पल, म्हणजे टोकाचा धातूचा गोळा, खाचेतून सरकवून सोडवता येतं. मुठीकडचं टोकही सोडवलं की प्रत्येकाची परीक्षा वेगवेगळी होते. नुसती मूठ हँडलवर बोटाने भिरभिरली पाहिजे. नुसती केबल दोन बोटांनी मागेपुढे सरकली पाहिजे. नुसती स्लाईड आपल्या वजनाने खाली गेली पाहिजे. जे यात नापास होईल तोच गुन्हेगार.

मुठीचं काम सोपं, पण तिथेच सगळे चुकतात. हँडलचा नळा 22 मिमीचा आणि त्यावर प्लास्टिकची नळी. पावसाळ्यात दोघांच्या मधे पाणी शिरतं, नळ्याला गंज चढतो आणि वरून कोणीतरी ग्रीस भरतो. ग्रीसमध्ये धूळ बसून त्याचा मलिदा होतो. तुम्ही रॉकेलच्या फडक्याने सगळं पुसलंत, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढलात आणि परत बसवताना तेलाचा नुसता हात फिरवलात. गाडी उजव्या अंगावर पडलेली असेल तर हँडलचं टोक चेपलेलं असतं. तिथे कितीही तेल घाला, कानस लागतेच. नवीन रबरी ग्रिप फार आत ठोकली तर ती स्विचच्या डबीला घासते, म्हणून मधे केसभर फट हवी.

केबलबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एक तार जरी तुटून बाहेर आली असेल तर तेल घालत बसू नका, केबल फेकून द्या. तारा शाबूत असतील तर केबल उभी टांगायची, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा सुतळीने बांधून त्यात पातळ तेल ओतायचं आणि खालून स्वच्छ थेंब येईपर्यंत थांबायचं. केबलच्या आत पांढरं अस्तर असेल तर तेल नकोच.

पण खरे आभार कार्बोरेटरसाठी. मूठ पास, केबल पास, बाहेर काढलेली स्लाईडही गुळगुळीत, आणि तरी आत गेली की जड. तेव्हा तुम्ही कार्बोरेटर इंजिनला धरणारे दोन बोल्ट अर्धा फेरा सैल केलेत. स्लाईड सटकन खाली! परत आवळले, परत जड. एवढ्यावर निदान झालं. फ्लँज म्हणजे कार्बोरेटरचा इंजिनला टेकणारा चपटा भाग; त्यातली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, कडक झाली की तिथून हवा ओढली जाते, ती थांबवायला कोणीतरी बोल्ट जीव खाऊन आवळतो, मऊ धातूचा फ्लँज वाकतो आणि स्लाईडची गोल वाट किंचित अंडाकृती होते. दोष दहा-वीस रुपयांच्या रबराचा, आणि नाव मात्र केबलचं.

पोलादी पट्टी फ्लँजवर आडवी धरली तर मधून उजेड दिसतो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज हलक्या हाताने घासून घ्यायचा, पण बेतानं, कारण जास्त घासलं तर ओ-रिंगची खाचच उथळ होते. मग कार्बोरेटर पूर्ण धुवायचा, घासल्याची एक कणी आत राहिली तरी स्लाईड पुन्हा धरेल. नवीन ओ-रिंग घालून दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. स्लाईडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे आणि उभी खाच आतल्या खुंटीवर. उलटी घातली तर स्लाईड पूर्ण खाली बसत नाही आणि किक मारताच इंजिन बोंब मारतं.

आणि हो, स्प्रिंग ताणून बसवायला तुम्ही साफ नकार दिलात. ताणलेल्या स्प्रिंगने अडथळा जात नाही, फक्त मनगट दुखतं.

शेवटी मुठीच्या कडेवर मोजून 2 ते 6 मिमी मोकळीक ठेवलीत. गाडी स्टार्ट करून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवलंत. आवाज चढला असता तर केबल कुठेतरी ताणली जात होती असं समजायचं, मग ती टाकीखालून नीट फिरवून घ्यायची. तो चढला नाही, आणि आता मूठ सोडली की स्लाईड खाली बसल्याचं ‘टक्’ वाजतं.

चालत्या गाडीत रेस अडकलीच तर आधी क्लच दाबा, मग चावी बंद करा, पण लॉकच्या खुणेपर्यंत फिरवू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत. जुन्या स्प्लेंडरला इंजिन बंद करायचं वेगळं बटण नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

बिलात तुम्ही फक्त ओ-रिंग लावलीत. मजुरीचं पाकीट टपरीवाल्याकडे ठेवलं आहे, ते परत पाठवू नका.

आपली,
स्प्लेंडरवाली मंडळी