बंदर खात्याच्या मंत्रिमहोदयांस मुंबई बंदरालगतच्या दारूखान्यातून

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मंगळवारी माझ्या गोदामाच्या शटरवर बंदर प्राधिकरणाची नोटीस चिकटवली गेली. मी म्हणे 'अनधिकृत कब्जेदार'! वडिलांपासून आम्ही इथे जहाजांचे दोर, साखळ्या, नांगर विकतो. भाडेपट्टा संपला, नूतनीकरणाचा अर्ज धूळ खातोय, पैसे मात्र दरमहा घेतले जातात. बेकायदा माणसाची पावती कायदेशीर फाडतात, हे एक बरं.

बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत बंदराचे साहेब म्हणाले होते, 'आधी जुन्या व्यापाऱ्यांची यादी, मगच आराखडा.' यादीचा पत्ता नाही. रंगीत चित्रं मात्र आली: सायकलवाले, कॉफी पिणारी जोडपी, गोदामांच्या भिंतींवर मासे रंगवलेले. माथाडी औषधालाही नाही.

पत्रा गळतो, पण दुरुस्तीला परवानगी नाही. पट्टा नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. माझी रक्तातली साखर वाढली ती वेगळीच, आणि मुलीची फी कुठून भरायची, तेही तुमच्या आराखड्यात दिसलं नाही.

माझे आजोबा गोदीत हमाल होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' उडालं. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरायचं कोणी ठरवलं, हमालांनी? अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मेले ते कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. रोजंदारीवाल्यांची मोजदाद ठेवतो कोण? मग तीच गोदी पुन्हा उभी राहिली. तेव्हा कॉफी नव्हती.

१८८० चा प्रिन्सेस डॉक तुम्ही लोकांनी कंटेनरसाठी बुजवला. कंटेनर गेले न्हावा-शेव्याला! मग बंदराच्या जमिनीचं काय करायचं ते ठरवायला २०१४ मध्ये राणी जाधव समिती, २०१८ मध्ये प्रारूप आराखडा. जमीन म्हणे अठराशे एकर. त्यातलं चटईभर तरी आमच्या वाट्याला?

गिरणगावात हेच झालं. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीतला तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला, तिसरा म्हाडाला होता. २००१ मध्ये नियम असा फिरवला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. उरलेल्यावर मॉल आले, कामगारांना घरं दाखवली मुंबईबाहेर वांगणी-शेलूला. सरकार कुणाचंही असो, यात खंड नाही. जुन्या वास्तूचा तुम्हाला भारी कळवळा, फक्त आत माणूस नको.

नोटीस मागे घ्या, यादी लावा, पट्ट्यांचा निकाल लावा. आणि उत्तर सहीनिशी पाठवा. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असे कागद माझ्याकडे पिशवीभर आहेत.

आपला,
दारूखान्यातील एक 'अनधिकृत'