फोटोत पाहुणे अकरा, गोळ्या देणार कोण?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात 'वृद्धाश्रमात आरोग्य शिबिर उत्साहात' ही बातमी वाचली. उत्साह फोटोतही दिसला. पाहुणे मोजले, अकरा भरले. आजी दोनच, त्याही कडेला, हातात केळी. त्यातल्या एकीला शुगर आहे. मला माहीत आहे, कारण शेजारची खाट माझ्या आत्याची आहे.

शिबिराला माझी ना नाही. बीपी बघतात, पंधरा दिवसांच्या गोळ्या देतात आणि जातात. सोळाव्या दिवशीचं कोण बघतं? मागच्या शिबिरात आत्याला बीपीची पांढरी गोळी मिळाली. तिची नेहमीची गुलाबी. औषध तेच, कंपनी दुसरी. आश्रमातल्या मावशी मायाळू आहेत. स्वयंपाक, धुणं, डायपर सगळं एकट्या उरकतात. पण त्या नर्स नाहीत, गोळी रंगावरून ओळखतात. दोन रंग, म्हणून दोन्ही दिल्या. चौथ्या पहाटे आत्या चक्कर येऊन मोरीत पडली, मनगट मोडलं. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथं पहिला प्रश्न, "नातेवाईक कोण? सही कोण करणार?" मी नव्वद किलोमीटरवरून पोचेपर्यंत म्हातारी पदरात हात बांधून बाकावर बसलेली. मला बघून म्हणाली, "गोळी पालटली का रं?" तिला कळलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांना शक्यतो खाट आणि वेगळी रांग द्यावी, असं लिहिलेलं आहे. रांग नाही, पण बाक वेगळा मिळाला, आभारी आहोत. सत्तरीपुढच्यांना उपचारासाठी आयुष्मान भारत योजनेचे पाच लाख आहेत, तेही भरती झाल्यावर. म्हणजे आधी पडायचं. लातूर-नांदेडला नर्सिंग कॉलेजांना तोटा नाही. आठवड्यातून एकदा एखादी सिस्टर येऊन वार लिहिलेल्या डब्यांत गोळ्या भरून गेली, तरी पुष्कळ झालं. तिचा फोटो नाही छापला तरी चालेल.

आत्याला घरी का ठेवत नाही, असं विचारणारे वाचक असतीलच. त्यांनी आपल्या घरचं बघावं.

आपला,
एक जुना वाचक, सेलू (जि. परभणी)

ता. क. ज्येष्ठांसाठीचं तुमचं सदर इतक्या बारीक टायपात असतं, की आत्याला ते मी फोनवरून वाचून दाखवतो. आणि मलाही भिंग लागतं.