आबांची चाल मंदावली, तेव्हाच कळायला हवं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, वर्तमानपत्रांत विस्मरणावरचे लेख येतात. किल्ल्या सापडत नाहीत, नातवाचं नाव आठवत नाही, घरचा रस्ता चुकतो, अशी लक्षणं त्यात असतात. १७ मेला जागतिक उच्च रक्तदाब दिन असतो, तेव्हा हृदय, किडनी आणि मीठ यांबद्दल वाचायला मिळतं. वर्षानुवर्षं चढा राहिलेला रक्तदाब मेंदूचीही झीज करतो, ही या दोन लेखांमधली गाठ कोणी घालून देत नाही. ती आम्हाला वेळेवर कळली नाही, म्हणून आमच्या घरात तीन वर्षं वाया गेली.

माझे सासरे मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात जवळपास चाळीस वर्षं दिवाणजी होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. सौदा संपला की रवे, वजन, हमाली, तोलाई असं सगळं मनातल्या मनात धरून ते शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचा हिशेब, काढायचे, कॅल्क्युलेटरला हात लावायचे नाहीत. काम सोडल्यावर रोज संध्याकाळी शिवाजी पेठेतून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर चालत जायचे आणि डोळ्यांसमोर धार काढलेलं म्हशीचं दूध घेऊन यायचे. जेमतेम दहा मिनिटांची वाट.

त्याच वाटेला अर्धा तास लागायला लागला. पाय उचलून टाकायच्या ऐवजी घासत, बारीक बारीक पावलं पडायची. वळताना भिंत धरायचे. सकाळी पेपर घेऊन बसले की तासाभराने बघावं तर पान तेच. लघवीची जाणीव झाली की मोरीपर्यंत पोचायलाही अवधी मिळायचा नाही. लाईट बिलाचे पैसे तीन तीनदा मोजायचे आणि मग कंटाळून माझ्या हातात द्यायचे. कुणाकडे जायचं नाव काढलं तर नको म्हणायचे. आम्ही म्हणालो, आबा आळशी झालेत, हट्टी झालेत. मी तर त्यांच्या तोंडावर म्हणाले, आणि ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं. शेजारचे काका म्हणाले, "वय झालं की वैनी, चालायचंच." आणि आम्हाला ते पटलं, कारण बहात्तरच्या दुष्काळात यार्डात कोणाचा गूळ कसा गेला, हे आबा अजून धडाधडा सांगत होते. आठवण इतकी शाबूत असलेल्या माणसाच्या मेंदूला काही झालं असेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

मधे ते घरात पडले, म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये एक ओळ होती : क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड दोन. मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, "वयोमानाने असतंच, काळजी करू नका." फ्रॅक्चर नाही, रक्तस्राव नाही, म्हणून आम्हीही निर्धास्त झालो. रिपोर्ट कपाटात गेला आणि दीड वर्ष तिथेच राहिला.

ती ओळ नंतर एका न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावली. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनमधला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. मोठ्या रक्तवाहिन्यांपासून अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक फांद्या निघून मेंदूच्या आतल्या भागात शिरतात. त्यातल्या कित्येक मोठ्या वाहिनीपासून थेट काटकोनात फुटतात, त्यामुळे दाबाचा मारा त्यांच्यावर जास्त बसतो. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. एक बंद पडली तर तिच्या वाट्याच्या भागाला दुसरीकडून रक्त पोचवायची सोय फारशी नसते. तिथे तीन ते पंधरा मिलिमीटरची पोकळी राहते, तिला लॅक्युन म्हणतात. पुष्कळदा हा छोटा झटका येऊन गेल्याचं कोणालाच कळत नाही. एमआरआयमध्ये जे पांढरे डाग दिसतात, ते मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तंतूंचं नुकसान. हे डाग किती पसरलेत त्यावर शून्य ते तीन अशी श्रेणी देतात, तीच ती फाझेकास ग्रेड.

हा शोध काही नवा नाही. ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्येच मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाच्या अशा झिजेचं वर्णन केलं होतं. आज डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, जवळपास निम्म्या रुग्णांत या बारीक वाहिन्यांच्या आजाराचा काही ना काही हात असतो, असं मानतात.

तर हा आजार बहुतेकदा विसरण्यापासून सुरू होत नाही. आठवणी जागेवर असतात. त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या तारा खराब झालेल्या असतात, म्हणून आधी वेग जातो. हिशेब, आखणी, एका कामातून दुसऱ्यात शिरणं जड होतं, चाल बिघडते, उत्साह जातो. डॉक्टरांनी आबांना पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. दोन आठवले. मग "एक फळ होतं बघा" असा दुवा दिल्यावर बाकीचेही निघाले. पण घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटल्यावर सगळे आकडे एका अंगाला दाटले आणि काटे कुठे काढायचे ते सुचेना. पट्टी काढणारा हात कागदावर तसाच थांबला. मी तोंड फिरवलं.

मग रक्तदाब मोजला : १७२ वर ९८. गोळी चालू होती, म्हणजे पाकीट घरात होतं. चक्कर आली की ते एक घ्यायचे, बरं वाटलं की बंद. आमच्या ओळखीत निम्मी माणसं असंच करतात. आबांच्याच गल्लीतल्या माणसांना मी विचारून पाहिलं, "मला काही त्रास नाही, मग कशाला?" हेच उत्तर. त्रास होत नाही हीच यातली मोठी फसगत आहे.

झालेलं नुकसान भरून येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण पुढची झीज मंदावता येते. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड या अभ्यासात पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणायचं ठरवलं होतं, बाकीच्यांचा १४० च्या खाली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या गटात बौद्धिक क्षमतेत सौम्य घट होण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होतं आणि पांढरे डागही कमी वाढले. डिमेन्शिया मात्र ठामपणे कमी झाला असं त्यातून म्हणता आलं नाही. शिवाय मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले लोक त्या अभ्यासात नव्हते. आबांना साखर आहे, म्हणून त्यांचा आकडा डॉक्टरांनी वेगळा ठरवला, आणि उभं राहिल्यावर दाब एकदम पडत नाही ना, तेही पाहायला सांगितलं. कोणीही हा १२० चा आकडा वाचून स्वतःच गोळ्या वाढवू नयेत.

तशीच दुसरी गोष्ट. असा रिपोर्ट आला की ओळखीपाळखीचे लोक "रक्त पातळ करायची गोळी सुरू करा" म्हणतात. झटका आलेला नसताना केवळ डाग दिसले म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या आजारात काही वाहिन्यांतून सूक्ष्म रक्तस्रावही झालेला असू शकतो. मेंदूच्या टॉनिकवर तर आम्ही वर्षभर पैसे घातले.

मिठाचं आमच्या कोल्हापुरात बोलायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचासुद्धा नाही. रस्सा, खर्डा, लोणचं, पापड, आणि वर पानात कडेला वाढलेलं मीठ, यात तो चमचा दुपारीच संपतो. मी पानातलं मीठ बंद केलं तेव्हा आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी लिंबू जास्त पिळून जेवले.

आता ते रोज सकाळी बसून रक्तदाब मोजतात आणि जुन्या चोपडीत स्वतःच्या हाताने लिहितात. आठवड्याची सरासरी तेच काढतात. वेळ लागतो. कोणी मधे बोलायचं नाही, असं मी मुलांना सांगून ठेवलंय. संध्याकाळी नातू बरोबर असतो आणि दोघं गंगावेशीला जातात.

आपल्याकडे माझं मागणं एवढंच की १७ मेच्या लेखात मेंदू आणि २१ सप्टेंबरच्या लेखात रक्तदाब येऊ द्या, आणि लक्षणांत "चाल मंदावणे" हे विसरण्याच्या आधी छापा. शहरातल्या तालीम मंडळांना विनंती की गणपतीच्या आरोग्य शिबिरावर न थांबता महिन्यातून एक सकाळ तालमीत रक्तदाब मोजायची सोय करावी. चाळिशीतला जो माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, तो तालमीत येतो. तिशीपुढच्यांची तपासणी आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत असतात, हेही तिथे फळ्यावर लिहावं. आणि डॉक्टर मंडळींना हात जोडून सांगते, रिपोर्टमधली ती ओळ वाचून "वयोमानाने असतंच" एवढंच म्हणू नका. त्याच बैठकीत दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघा.

कळावे,
आपली एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर