व्यवस्थापनाच्या पदवीआधी काम पाहावे

महोदय,

हार्वर्ड विद्यापीठात १९०८ साली सुरू झालेला एमबीएचा दोन वर्षांचा साचा आज जगभर रुळला आहे आणि वित्त, विपणन, मनुष्यबळ किंवा उत्पादन यांपैकी कोणत्याही विभागात वरच्या पदावर जाण्यासाठी त्याचा उपयोग होतो, याबद्दल दुमत नाही. मात्र पहिली पदवी मिळताच एमबीएला प्रवेश घेणाऱ्या तरुणांची मला मनापासून काळजी वाटते.

माझ्या हाताखाली रुजू झालेली एक हुशार मुलगी ताळेबंद अचूक वाचत असे. परंतु माल उधारीवर गेला की नफा कागदावर दिसतो आणि तरीही पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नसू शकतात, हे तिला थकबाकीच्या यादीवरून एकेका रकमेवर बोट ठेवत गेल्यावरच उमगले. त्यानंतर तिने केलेले नियोजन आम्हा जुन्या माणसांपेक्षा सरस होते, हेही नमूद केले पाहिजे.

प्रवेशापूर्वी दोन-तीन वर्षे नोकरी करावी, तीही शक्यतो विक्री, हिशेब वा गोदामात. अनेक नामांकित संस्था अनुभवाला महत्त्व देतात. इतरांनीही तो प्रवेशाचा निकष करावा, ही विनंती.

– एक निवृत्त व्यवस्थापक