टॅब फुटला तर भरून कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेला टॅब मिळाल्याचे फोटो आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून दिसतात. कधी सातपूर-अंबडच्या कंपन्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) देतात, कधी माजी विद्यार्थी वर्गणी काढतात. चांगलेच आहे. मी एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. आमचे टॅब बहुतेक दिवस कपाटात कुलूपबंद असतात.

यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण टॅब जडवस्तू नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) चढतो आणि तिथे सही एकाच माणसाची असते. काच तडकली तर खिशातून भरावी लागेल, ही त्याची धास्ती. आणि न वापरूनही टॅब खराब होतातच. बॅटरी शून्यावर उतरलेली, तशीच मेची सुट्टीभर पडून राहिली, की जूनमध्ये चार्जिंग घेईलच असे नाही. निम्मी चार्ज करून, टॅब बंद करून, पत्र्याखाली तापणार नाही अशा जागी ठेवला तर निभावतो. हे सांगायला कोणी नसते. देणारे तोवर नारळ फोडून गेलेले असतात.

मी अंबडला एका कारखान्यात टूलरूमचे स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे कामगार आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवून हत्यार नेतो. हत्यार आले की बिल्ला परत. ड्रिल तुटले तर तुकडे जमा करायचे, ब्रेकेज स्लिपवर कारण लिहायचे, नवे न्यायचे. मुद्दाम मोडले असेल तर जाब विचारतात. पण ‘तुटेल म्हणून दिलेच नाही’ हे उत्तर कोणताही सुपरवायझर ऐकून घेणार नाही. शाळेत हेच करावे. टॅबवर ऑइलपेंटने नंबर, तिघांच्या गटाला कायम तोच टॅब, गटाचा पुठ्ठ्याचा बिल्ला खिळ्यावर. घेताना काच आणि चार्जिंग मुलांनीच पाहून वहीत लिहायचे, म्हणजे आधीच्या वर्गाने तडा दिला असेल तर तिथेच कळेल. स्क्रीनवर बोट कोणाचे, हेही पाळीने. नाहीतर एकटा चुणचुणीत पोरगा सगळे दाबत सुटतो आणि दोघे मान लांब करून बघतात.

खासगी माहितीचा प्रश्न याहून नाजूक आहे. एखादा मुलगा गेमसाठी आईचे जीमेल टाकतो आणि पुढच्या वर्गाला तिचे फोटो दिसू लागतात. विदा (डेटा) संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे, म्हणजे शाळेतली मुले त्यात आलीच. शाळेच्या टॅबवर मात्र मुलांची छायाचित्रे वर्षानुवर्षे पडून असतात. घरचे खाते टॅबवर उघडूच देऊ नये, तास संपताना फोटो पुसावेत. ‘दीक्षा’ या सरकारी अभ्यास-ॲपचे धडे आधीच डाउनलोड करून ठेवले तर वर्गात इंटरनेट बंद ठेवता येते.

शिक्षण हक्क कायद्याने (2009) अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवायचे काम समितीला दिलेच आहे. तेव्हा जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांनी एका पानाचा आदेश काढावा: रोजच्या वापरात फुटलेला टॅब समितीच्या ठरावाने निर्लेखित होईल (नोंदवहीतून कमी होईल), शिक्षकाकडून वसुली होणार नाही. देणगीदारांनीही टॅबसोबत कव्हर आणि दुरुस्तीची थोडी रक्कम द्यावी. आमच्या पुढच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. पण वरून कागद आल्याशिवाय मुख्याध्यापक त्यावर सही करणार नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

– एक पालक, सिडको, नाशिक