हायड्रॉलिक लिफ्टरच्या आवाजावर झालेल्या चुकीच्या दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय: इंजिनाच्या टकटक आवाजाचे निदान न करता केलेली दुरुस्ती आणि न होऊ शकणाऱ्या कामाची बिलात केलेली आकारणी

महोदय,

आपल्या कंपनीची चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हची डिझेल मोटार मी नवी घेतली असून तिची सर्व सर्व्हिसिंग आपल्या साताऱ्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच झालेली आहे. काही महिन्यांपासून इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक असा आवाज येतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर काही क्षण असा आवाज येणे स्वाभाविक आहे, हे मला माहीत आहे. परंतु माझ्या गाडीचा आवाज इंजिन पूर्ण तापल्यावरही थांबत नाही आणि खंबाटकी घाट चढून आल्यानंतर आयडलिंगला तो अधिकच स्पष्ट ऐकू येतो.

पहिल्या वेळी गाडी दाखवली तेव्हा बिलात 'टॅपेट सेटिंग' (व्हॉल्व्हची फट जुळवणे) या नावाखाली मजुरी लावण्यात आली. या आकारणीवर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे व्हॉल्व्ह यंत्रणेतले छोटे भाग आहेत. सिलिंडर हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) वाहिनीतून येणारे ऑइल लिफ्टरच्या आतल्या प्लंजरखाली भरते, तिथली छोटी गोळी ते परत जाऊ देत नाही आणि त्यामुळे व्हॉल्व्हची फट आपोआप शून्यावर राहते. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून फट जुळवण्यासाठी या इंजिनात स्क्रूही नाही आणि शिमही (पातळ चकतीही) नाही. मग सेटिंग नेमके कशाचे केले? आपल्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नसलेल्या कामाचे पैसे आपल्याच अधिकृत केंद्राने घ्यावेत, ही गोष्ट मला अत्यंत गंभीर वाटते.

आवाज कायम राहिल्याने गाडी पुन्हा नेली, तेव्हा मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ऑइल सांगितलेले असताना २०डब्ल्यू-५० भरण्यात आले. जाड ऑइलमुळे थोडे दिवस आवाज दबला, दोष मात्र तसाच राहिला. उलट थंड इंजिनात असे ऑइल लिफ्टरपर्यंत पोहोचायला अधिक वेळ लागतो आणि सकाळचा आवाज आता पूर्वीपेक्षा लांबला आहे. त्याच वेळी बसवलेला ऑइल फिल्टरही कंपनीचा नाही. फिल्टरमधली ऑइल परत उतरू न देणारी झडप नीट नसेल, तर गाडी उभी असताना फिल्टर रिकामा होतो आणि सुरू करताना लिफ्टर कोरडे वाजतात, एवढी साधी शक्यताही कोणी तपासली नाही.

आता मला संपूर्ण सिलिंडर हेड बदलण्याचा सल्ला देण्यात आला आहे, आणि तोही ऑइलचे प्रेशर एकदाही न मोजता. माझी खरी काळजी इथेच आहे. प्रेशर कमी पडत असेल तर लिफ्टरचा आवाज हे केवळ लक्षण ठरते. क्रँकशाफ्टचे बेअरिंग आणि टर्बो त्याच ऑइलवर चालतात, आणि नवे हेड बसवूनही त्यांचे नुकसान थांबणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, 'टॅपेट सेटिंग'ची रक्कम परत करावी, सध्याचे ऑइल काढून मॅन्युअलप्रमाणे ऑइल व मूळ फिल्टर कंपनीच्या खर्चाने घालावा आणि त्यानंतर इंजिन तापलेले असताना यांत्रिक गेज लावून आयडलिंगला व वाढत्या फेऱ्यांवर प्रेशर मोजून ते आकडे जॉब कार्डवर लिहावेत. प्रेशर योग्य निघाले, तरच हेड कव्हर उघडून प्रत्येक लिफ्टर दाबून पाहावा. जो सहज दबतो त्याच्यात हवा शिरलेली असते किंवा तो निकामी झालेला असतो. सोबत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरचे रोलर आणि रॉकर हलवणाऱ्या कॅमशाफ्टचे उंचवटेही तपासावेत, कारण तिथली झीजही असाच आवाज करते. नवे लिफ्टर बसवावे लागले, तर त्यांना बसायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ द्यावा आणि स्टार्टर मारण्यापूर्वी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. घाई केल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. हे काम माझ्यासमोर व्हावे, ही विनंती.

बिले, जॉब कार्डे आणि थंड व तापलेल्या इंजिनाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण सोबत जोडले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तपासणीसाठी गाडी कोणत्या दिवशी आणावी, ते कळवावे.

आपला,
एक ग्राहक
सातारा