डेंग्यूची गोळी कोण बनवणार, साहेब?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

साहेब, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं औषधांचं दुकान आहे. पोळा झाला की दिवाळीपर्यंत काउंटरवर तापाचीच गर्दी. "भाऊ, डेंग्यूची गोयी दे ना," हे वाक्य रोजचं. मी पॅरासिटामॉल देतो, ओआरएसची पाकिटं देतो, ब्रुफेन-डायक्लोसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव वाढेल, हे बजावतो. डेंग्यूची गोळी माझ्याकडे नाही. मुंबईतल्या मोठ्या दुकानातही नाही, कारण ती अजून जगात कुठेच विकायला आलेली नाही. पपईच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या तेवढ्या आहेत. ताप उतरायच्या आधी त्या खिसा उतरवतात.

चिकुनगुनियाचं तेच. ताप चार दिवसांत जातो, सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात. आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बोंडातून कापूस ओढायला तीन बोटं लागतात आणि नेमकी तीच सकाळी सुजलेली असतात. मागच्या हंगामात एक बाई मूठ मिटून दाखवत होती, ती अर्धीच मिटत होती. "येचाले जमत नाई, भाऊ." तिला द्यायला माझ्याकडे दुखणं कमी करणारी गोळी होती, विषाणू थांबवणारी नव्हती.

विषाणूवर औषध निघतच नाही म्हणावं, तर एचआयव्हीचं निघालं. हिपॅटायटिस-सी तर आता बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि त्या गोळ्या भारतातही बनतात. डेंग्यूवर क्लोरोक्विन, बालापिराविर, सेल्गोसिविर असं एकेक करून तपासलं गेलं, पण रक्तातला विषाणू म्हणावा तसा हटला नाही. मग मोस्नोडेनविर आलं. विषाणूची दोन प्रथिनं एकमेकांना जोडली गेली की त्याच्या नकला निघतात. हे औषध ती जोडणीच अडवतं. प्रयोगशाळेत ते डेंग्यूच्या चारही प्रकारांवर चाललं. माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने प्रत्यक्ष साथीच्या भागांतली चाचणी थांबवली. औषध घातक ठरलं म्हणून नाही, कंपनीचे प्राधान्यक्रम बदलले म्हणून. व्यापाऱ्याला दोष देत नाही, मीही व्यापारीच आहे. पण ज्याचं गिऱ्हाईक वेचणीची मजूर आहे, त्या औषधासाठी सरकारने पुढे यायला नको का?

आपल्या भागाचा यात हक्कही आहे. १९६५ साली नागपुरात डेंग्यू-चिकुनगुनियाची साथ चालू असताना रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू सापडला. पुण्याच्या संस्थेने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने), तो वेगळा काढला. नाव पडलं चांदीपुरा, इथल्याच गावाचं. तो डासातून नाही, वाळूमाशीतून पसरतो. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. २००७ मध्ये तो नागपूर विभागात आला. साठ वर्षं होऊन गेली, त्याच्यावरही खास असं मान्यताप्राप्त औषध नाही.

उद्या गोळी निघाली तरी आमच्या गावात ती वेळेवर पोचणार नाही, ही मला त्याहून मोठी काळजी आहे. डेंग्यूचा विषाणू रक्तात भरपूर असतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत. 'पेशी (प्लेटलेट) कमी झाल्या' म्हणून धावपळ होते ती ताप उतरताना. तोवर विषाणू बराचसा निघून गेलेला असतो. म्हणजे गोळी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच द्यावी लागणार. आणि आमचा माणूस पहिले दोन दिवस सोयाबीन सोंगतो, तिसऱ्या दिवशी सलाईन लावतो, मग आरोग्य केंद्रात जातो. तिथून रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या गावी. तिथे रक्त एलायझा पद्धतीने तपासतात, तिची प्लेट ९६ खणांची. नमुने थोडे असले की प्लेट भरण्याची वाट बघितली जाते. रिपोर्ट हातात येतो तेव्हा पेशंट एकतर शेतात असतो नाहीतर नागपूरच्या आयसीयूत.

तेव्हा ऑगस्ट ते नोव्हेंबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर एनएस-१ ची, म्हणजे रक्तातलं डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन ओळखणारी, झटपट तपासणी ठेवा. ती शंभर टक्के खरी नसते आणि सरकारी हिशेबात पक्का रुग्ण एलायझावरच धरतात, हे ठाऊक आहे. आकडे एलायझाचेच धरा, पण त्याच दिवशी संशय तरी कळू द्या. औषधाच्या चाचण्यांसाठी असे पहिल्या दिवसांतले रुग्णच हवे असतात. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज आहे, नागपूर, यवतमाळ, चंद्रपूरची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. केंद्र सरकारकडे आणि आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे या कॉलेजांची नावं राज्याने स्वतःहून पाठवावीत. लसी आणि औषधं बनवणारं हाफकिन महामंडळ तर राज्याचंच. एनआयव्हीला सोबत घेऊन डेंग्यू, चिकुनगुनिया आणि चांदीपुरावरच्या औषधांसाठी तिथे पैसे बाजूला काढा. खातं दुसऱ्याचं असेल तर त्या मंत्र्यांशी बोलून घ्या, मंत्रालय एकच आहे.

धूरफवारणी आणि साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा 'कोरडा दिवस' चालू ठेवाच. फक्त झटपट तपासणीच्या किटची मागणी मे महिन्यात निघाली पाहिजे, साथ आल्यावर निघालेलं टेंडर आमच्याकडे संक्रांतीला पोचतं.

आपला,
एक औषध विक्रेता, जि. यवतमाळ